मागचं चाक बघून येते: दोन ऑपरेशनं आणि एक थाप

ऑपरेशनबद्दल बोलायला लोकांना फार आवडतं. किती टाके पडले, डॉक्टर काय म्हणाले, पोटातले खडे बाटलीत घालून कोणत्या फळीवर ठेवलेत, सगळं सांगतात. आग्रह करून बाटलीही दाखवतात. पण भुलीतून उठल्यावर ज्या उलट्या होतात, त्यांचं नाव कोणी काढत नाही. घरातल्या बदनाम नातेवाइकासारखं त्यांचं असतं. येऊन गेल्या हे सगळ्यांना ठाऊक, पण विषय नको.

मी विषय काढणार आहे. उलटी ही माझी वैरीण आहे. मी एका सासूला, तीन डेपो मॅनेजरांना आणि काठी गावच्या होळीच्या जादा गाड्यांतल्या गर्दीला पुरून उरले. हिच्यापुढे मात्र एकदा साफ आडवी झाले, तीही स्वतःच्या तोंडामुळे. दुसऱ्यांदा मी तिला कशी पाडली, ते सांगायला बसले आहे. ज्यांच्या हातात उद्या-परवा ऑपरेशनचा कागद पडणार आहे त्यांनी हे जरूर वाचावं. बाकीच्यांनी निदान जेवताना वाचू नये.

शिस्तीच्या बाई

मी सुनंदा, वय एकोणपन्नास. नंदुरबारहून अक्कलकुव्यावरून मोलगीला जाणाऱ्या लाल गाडीवर वीस वर्षं कंडक्टर. ड्रायव्हर बहुतेक वेळा सुपडूभाऊ. मध्ये देवगोईचा घाट. एकेका वळणावर वाटतं, आपलीच मागची सीट आपल्याला ओव्हरटेक करते आहे.

प्रवासी ओकतात आणि मी त्यांच्यावर ओरडते. "ए बाई, खिडकीबाहेर! पन्नी कुठाय पन्नी? पोट आवरत नाही तर घरी ठेवून यायचं!" माझा आवाज ऐकून अर्ध्या लोकांची उलटी आल्या वाटेने परत जाते, अशी माझी डेपोत ख्याती आहे. दुसरी ख्याती अशी, की घाट लागायच्या आत माझी सगळी तिकिटं झालेली असतात. घाटात कोणी चढलंच तर गाडी उभी ठेवून तिकीट देते. चालत्या गाडीत तिकिटाच्या मशीनवर बोट ठेवत नाही. "बाई शिस्तीच्या," असं लोक म्हणतात.

आता खरं सांगते. मला गाडी लागते.

लहानपणापासून लागते. बैलगाडीसुद्धा लागायची. चालत्या गाडीत मान खाली घालून मशीनकडे पाहिलं की पोटातलं सगळं घशाशी येतं. ती माझी शिस्त. खिशात कायम एक लिंबू, गालात आवळ्याची फोड, नजर समोरच्या डोंगरावर. तरीही आवरेना तर घाटमाथ्यावर बेल मारायची. "सुपडूभाऊ, थांबा. मागचं चाक बघून येते." ऐटीत उतरायचं, गाडीच्या मागे जायचं, चाकाच्या साक्षीने पोट रिकामं करायचं, चूळ भरायची आणि कपाळाला आठ्या घालून परत यायचं. "चाक ठीक आहे. चला. आणि जरा पळवा! बैल जुंपलेत का गाडीला?"

कारण सुपडूभाऊ घाटात गाडी अशी चालवतात, जशी वरातीची घोडी. वीस वर्षं मी त्यांना त्यावरून झापत आले. झापायचं असलं की मी शाळेतल्या मराठीत झापते. अहिराणीत झापलं तर माणसाला माया वाटते.

एवढं लपवायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. मी नोकरीला लागले तेव्हा डेपोत आम्ही दोनच बाया. पहिल्याच दिवशी दोन जुन्या कंडक्टरांनी माझ्यासमोर एकमेकांना सांगितलं होतं, "घाटमा बाईमानूस महिनाभर टिकाव नही." त्या दोघांच्या नाकावर टिच्चून मी वीस वर्षं घाट चढले. त्यांना हे कळू द्यायचं? मेले तरी नाही. आणि पुढे खरोखरच त्या 'मेले तरी'पर्यंत प्रकरण गेलं.

फॉर्मवरचा प्रश्न

तीन वर्षांपूर्वी पोटाच्या उजव्या बाजूला कळा येऊ लागल्या. सोनोग्राफीवाले डॉक्टर पडद्याकडे बघून म्हणाले, "मावशी, इथे कोणी खडीचा ट्रक रिकामा केलाय का?" पित्ताशयात खडे. मी घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या, भांडी आपटली आणि मग रडले. त्या दिवसाबद्दल एवढंच आठवतं.

दुर्बिणीने पित्ताशय काढायचं ठरलं, नंदुरबारातल्याच एका खासगी दवाखान्यात. आदल्या दिवशी संध्याकाळी भूल देणारे डॉक्टर फॉर्म घेऊन आले. तरुण होते, बिचारे. खाटेभोवती माझा दरबार भरलेला. आमचे नाना, म्हणजे माझे यजमान. त्यांचं मिरची कांडप आहे, त्यामुळे ते आले की सगळा वॉर्ड शिंकतो. माझी मोठी नणंद अक्का, रनाळ्याहून खास माझी सेवा करायला आलेली. डेपोतर्फे डझनभर केळी घेऊन सुपडूभाऊ. आणि त्यांच्यासोबत, देवाची करणी पाहा, तेच दोन कंडक्टर.

"बिडी-सिगारेट?"

"नाही."

"आधी कधी भूल घेतली होती?"

"नाही."

"प्रवासात मळमळतं का? गाडी लागते?"

लक्षात घ्या, त्यांनी विचारलं होतं. त्यांचा दोष नाही. मी त्या दोन कंडक्टरांकडे पाहिलं, खाटेवर ताठ बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, मी घाटातली कंडक्टर. मलाच गाडी लागली तर प्रवाशांनी कोणाकडे बघावं?"

अख्खा वॉर्ड हसला. एका कंडक्टरने चक्क टाळी वाजवली. डॉक्टरही हसले आणि त्यांनी 'नाही'वर खूण केली. त्या टाळीने मला जी गुदगुली झाली, ती अजून आठवते. सुपडूभाऊ तेवढे हसले नाहीत. केळ्यांचा घड टेबलावर नीट बसतो का, ते बघत होते. मला वाटलं, या माणसाकडे विनोदसुद्धा उशिरा पोचतो.

भूल निंघी ऱ्हायनी

दुसऱ्या दिवशी शुद्ध आली तेव्हा माझी खाट देवगोईच्या घाटात होती. तेच वळण, पुन्हा तेच वळण, आणि थांबवायला ड्रायव्हर नाही. बेल मारायला मी हात वर केला तर हाताला सलाईनची नळी. मग सुरू झालं. पोटाला चार ताजी भोकं आणि त्यातून आतडी पिळून निघताहेत. कोरडी उलटी ही ओल्या उलटीची थोरली बहीण असते, हे ज्ञान मला त्या सकाळी मिळालं.

नर्स आली. "मावशी, मळमळतंय का? इंजेक्शन देऊ?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का पुढे. "नही नही सिस्टर. चांगली शे ती."

नर्स वळताच अक्काने माझ्या कानाशी तोंड आणलं. "उलटी रोकानी नही, सुनंदा. भूल निंघी ऱ्हायनी. जितली निंघी तितलं चांगलं. मजार ऱ्हायनी तं डोकामा चढस."

आत राहिलेली भूल डोक्यात चढते, याचा तिच्याकडे पुरावाही होता. रनाळ्यात कोणाची तरी उलटी डॉक्टरांनी अडवली, तर तो माणूस अजून स्वतःच्या सुनेला मोठ्या बहिणीच्या नावाने हाक मारतो. एवढा पुरावा समोर असताना डॉक्टर कसले आणि इंजेक्शन कसलं! अक्का ट्रे पदराखाली झाकून न्यायची, स्वतः घासायची, आणि नर्स आली की माझं तोंड पुसून मला हसरी करून ठेवायची. अशी सेवा माझ्या वैऱ्याला मिळो.

अक्काला शिव्या देणं सोपं आहे आणि त्यात आनंदही आहे. पण मी मुकी नव्हते. नर्सला सांगू शकले असते. सांगितलं नाही, कारण अक्काचं म्हणणं माझ्या सोयीचं होतं. उलटी भुलीची असेल तर ती माझी नव्हती. 'कंडक्टरबाईला कसं काय एवढं मळमळतं' हा प्रश्न मग कोणी विचारणार नव्हतं. इज्जत वाचत होती. फक्त पोट फाटत होतं.

दीड दिवस हे चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी बेंबीच्या आत काहीतरी सटकन सैल झाल्यासारखं वाटलं, तेव्हा मी किंचाळले. सर्जन आले, खाटेखालचा ट्रे त्यांनी पायाने पुढे ओढला, आणि त्यांनी अक्काला जे सुनावलं ते ऐकून मला माझ्या घाटातल्या आवाजाची लाज वाटली. इंजेक्शन दिलं. तासाभरात सगळं शांत. एवढंच करायचं होतं.

बेंबीतलं लिंबू

वर्षभरात बेंबीशी एक फुगवटा आला. खोकलं की वर येई, आडवं झालं की आत जाई. सर्जन म्हणाले, आतला टाका सैल झालाय, हर्निया आहे. उलट्यांनीच झालं का, विचारलं. म्हणाले, "शपथेवर सांगता येणार नाही. पण त्या उलट्यांनी मदत नक्की केली असणार."

पुन्हा ऑपरेशन म्हणजे पुन्हा भूल, आणि पुन्हा ती. मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरले आणि दीड वर्ष त्या पुन्हा चढले नाही. फुगवटा खाकीखाली पट्ट्याने दाबून ठेवला. खिशात एक लिंबू, बेंबीत दुसरं. मला सुरीची भीती नव्हती, मरणाचीही फारशी नव्हती. शुद्धीवर येण्याची होती.

मग एकदा अक्कलकुव्याच्या स्टँडवर एका म्हातारीचं ज्वारीचं पोतं गाडीत चढवताना ते लिंबू बाहेर आलं आणि आत जाईना. दगडासारखं घट्ट झालं. घाम फुटला. सुपडूभाऊंनी मला बाकावर आडवं केलं, प्रवाशांची तोंडं दुसरीकडे वळवली आणि मोलगीची गाडी तिथेच उभी ठेवली. अर्ध्या तासाने ते आपोआप आत गेलं. नंदुरबारला सर्जननी हात लावून पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. "या वेळी परत गेलं. पुढच्या वेळी आतडं आत अडकून कुजेल. जाळी बसवावी लागेल, याच आठवड्यात. आणि बाई, या वेळी उलटी नको. जाळी रुजायला वेळ लागतो. पहिल्या दिवसांत तसा जोर पडला तर केलेलं सगळं जाईल."

तिथून मी थेट कांडपावर गेले. नाना मिरचीच्या लाल धुरळ्यात उभे होते, समोर दोन गिऱ्हाइकं. मी काय बोलते ते ऐकू येईना म्हणून त्यांनी यंत्र बंद केलं. गिऱ्हाईक उभं असताना त्यांनी यंत्र बंद केलेलं मी आमच्या संसारात पहिल्यांदा पाहिलं.

"माले उलटीनी भीती वाटस," मी म्हणाले.

"तुले?" नाना हसले. "तू तं लोकेसन्या उलट्या बंद करस."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी त्याऐवजी त्यांच्या शर्टावरून भांडण काढलं. नवऱ्याशी शर्टावरून भांडता येतं, ही संसारातली मोठी सोय आहे.

चौथी खूण

तोच दवाखाना, तोच वॉर्ड, तोच दरबार. दोन कंडक्टर तेवढे ड्युटीवर होते. सुपडूभाऊंच्या हातात केळी. या वेळी भूल द्यायला वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. चष्म्याला साखळी, हातात माझी जुनी फाईल. आवाज हळू, पण मी अशा हळू आवाजाला ओळखते. तपासणीला गाडीत चढणारे साहेब असंच बोलतात.

"बाईमाणूस. सिगारेट नाही, आणि न ओढणाऱ्यांनाच भुलीनंतर जास्त मळमळतं. मागच्या भुलीनंतर दीड दिवस उलट्या." तीन बोटं त्यांनी माझ्यासमोर धरली. "ही तिन्ही आपल्या विरोधात आहेत. त्यावरून मी किती बंदोबस्त करायचा ते ठरवते. चौथं इथे 'नाही' लिहिलंय, पण माझा विश्वास बसत नाही. प्रवासात गाडी लागते?"

"डॉक्टर, यांना बाहेर काढा. मग सांगते."

"काबरं?" अक्का खुर्ची खाटेजवळ ओढत म्हणाली. "मी काय परकी शे का?"

नाना उठले, अक्काने त्यांना हाताला धरून बसवलं. सुपडूभाऊ दाराकडे निघाले तर बाहेरून जेवणाची गाडी आत आली आणि ते अडकले. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. चादरीखाली माझं लिंबू वर आलं होतं, जणू तेही ऐकायला डोकावत होतं. एकीकडे वीस वर्षांची इज्जत, एकीकडे ते. हळू आवाजात कबुली देणं मला जमत नाही. मी ओरडले.

"लागते! लहानपणापासून लागते! घाटात लागते, सपाटीवर लागते, उभ्या गाडीत डिझेलचा वास आला तरी लागते! वीस वर्षं मी चाक बघायला उतरत नव्हते, ओकायला उतरत होते! लिहा!"

वॉर्डात वरण वाढणाऱ्या बाईचा डाव हवेतच थांबला.

पहिली अक्का सावरली. "कंडक्टरले गाडी लागस? मंग लोकेसवर कसाले वरडस वं?"

नानांचं तोंड उघडंच होतं. मी सुपडूभाऊंकडे पाहिलं, कारण खरी नामुष्की तिथे होती. ते केळी घेऊन तसेच उभे. "माले म्हाईत शे, ताई," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"पहिला महिनापाईन म्हाईत शे. मागलं चाक देखानं काम ड्रायव्हरनं ऱ्हास. कंडक्टर कसाले देखी?" मग केळ्यांकडे बघत, "आनि मी घाटमा गाडी हयूहयू कसाले हाकस, तुमले काय वाटनं?"

हळूहळू. वीस वर्षं हळूहळू. आणि मी त्या माणसाला बैल, कासव, वरात, काय काय म्हटलं होतं. तुम्हाला वाटेल माझे डोळे भरून आले. छे. मला संताप आला. एखादा माणूस तुमच्यावर वीस वर्षं उपकार करतो आणि एकदाही बोलून दाखवत नाही, याहून मोठा अपमान नाही. त्याला उलट झापायचीही सोय राहत नाही. मी तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टरीणबाई मात्र खूश होत्या. त्यांनी चौथं बोट उघडलं. "झालं? एवढ्यासाठी पोट फाडून घेतलं होतं?" मग त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं: भुलीचा वायू वापरायचा नाही, भूल शिरेतूनच चालू ठेवायची. उलटीविरुद्ध एक औषध सुरुवातीला, दुसरं उठवायच्या आधी, वेगवेगळ्या जातीची. जखमेपाशी बधिर करायचं, म्हणजे दुखण्यावरची ती जड इंजेक्शनं कमी लागतात, कारण तीही मळमळवतात. "आणि एवढं करूनही मळमळलं, तर लगेच सांगायचं. उलटी होईपर्यंत वाट बघायची नाही." शेवटचं वाक्य त्यांनी अक्काकडे बघून म्हटलं. फाईलमध्ये अक्काचीही नोंद असणार.

अक्का सहज हरणारी नव्हे. "उलटी रोकी तं भूल कथाईन निंघी?"

"श्वासातून निघते, मावशी. शरीर तिला मोडून लघवीतूनही काढतं. तिचे रस्ते ठरलेले आहेत."

अक्काने विचार केला. "रस्ता शे ना मंग," ती म्हणाली. वाद संपला. आमच्या घरात इतक्या लवकर संपलेला तो एकमेव वाद.

खाकी शर्ट

शुद्ध आली तेव्हा खाट जागेवर होती. छत जागेवर होतं. मी डोळे मिटून वळणाची वाट पाहिली. वळण आलं नाही. पोटात दुखत होतं, पण नुसतं दुखणं म्हणजे काय सुख असतं, हे ज्याने दोन्ही सोसलंय त्यालाच कळेल.

अक्काने भुलीच्या रस्त्यांवर पहारा बसवला. मी पहिल्यांदा लघवी केली तेव्हा तिने समोरच्या खाटेवरच्या बाईलासुद्धा सांगितलं, "निंघनी!" त्या बाईने मला नमस्कार केला.

मग भेटायची वेळ झाली आणि कांडपावरून थेट नाना आले. मिरचीचे दिवस, शर्टाची बाही लाल. दारातूनच माझ्या नाकात झिणझिण्या. शिंक आली असती तर जाळीवरच. मी पोटाशी उशी दाबली आणि ओरडले, "बाहेर! आधी अंघोळ!" नाना निमूट गेले, नळाखाली डोकं धुतलं, पण दुसरा शर्ट कुठला? भेटायला आलेल्या सुपडूभाऊंनी पिशवीतून आपला जादा खाकी शर्ट काढून दिला.

दहा मिनिटांनी नाना आत आले ते खाकी घालून. भांग पाडलेला, चेहरा हसरा. आणि त्यांच्याबरोबर डिझेल आलं, तापलेलं रेक्झीन आलं, घाटातली धूळ आली. ते माझ्या खाटेशी वाकले आणि देवगोईचं पहिलं वळण लागलं.

तोंडात पाणी सुटलं. कानामागे गार पडलं. ही मी ओळखते. हिला यायला पन्नास पावलं उरली की ती असा निरोप पाठवते. जाळी बसून एक दिवसही झाला नव्हता. घंटीचं बटण उशीमागे पडलेलं, हात पोचेना. जवळ माणूस एकच, अक्का. तीन वर्षांपूर्वी जिने नर्सला हसून परत पाठवलं होतं, ती.

"अक्का," मी म्हणाले, "येई ऱ्हायनी."

अक्काने माझं तोंड पाहिलं. क्षणभर तिचा हात सवयीने ट्रेकडे गेला. मग तो मागे आला, आणि साठीची ती बाई पदर सावरत व्हरांड्यात धावली आणि तिने असा टाहो फोडला की खाली औषधांच्या दुकानात ऐकू गेला.

"सिस्टर! धाव वं माय! मन्ही सुनंदाले गाडी लागनी!"

संपलं. जे मी वीस वर्षं जपलं ते तिने एका दमात सगळ्या नंदुरबारला वाटलं. पण नर्स धावत आली. तिने सलाईनमध्ये औषध सोडलं, स्पिरिटचा बोळा माझ्या नाकाशी धरला. "नाकाने हळू ओढा, मावशी. तोंडाने सोडा. परत." तिने नानांना वास घेऊन ओळखलं आणि बाहेर काढलं. मी ओढत राहिले, सोडत राहिले. घाट उतरावा तशी ती हळूहळू उतरली. वळण, मग छोटं वळण, मग सपाट.

अक्का ट्रे हातात धरून उभी होती. तिने आत वाकून पाहिलं. कोरडा. तिने तो माझ्या डोळ्यांसमोर धरला, आणि आम्ही दोघी मूर्खासारख्या त्या रिकाम्या ट्रेकडे बघत राहिलो. हसायची सोय नव्हती. टाके दुखत होते.

नाना घरी जाईपर्यंत व्हरांड्यात बनियनवर बसले होते.

तुम्ही काय करायचं

भूल देणारे डॉक्टर प्रश्न विचारायला येतात तेव्हा नातेवाइकांना चहाला पाठवा. ते जात नसतील तर त्यांच्यादेखत सांगा, पण सांगा. गाडी लागते का हा प्रश्न त्यांना गंमत वाटते म्हणून विचारत नाहीत. आधीच्या ऑपरेशनला उलट्या झाल्या असतील तर ते तुम्हीच पहिल्यांदा बोला. मळमळ ही सोसायची वस्तू नाही. तिच्यासाठी तुम्हाला कोणी शाल-श्रीफळ देणार नाही. औषधं आहेत, आणि ती उलटीच्या आधी जास्त चालतात. सगळ्यांनाच लागू पडतात असं नाही. मला तरी एक लाट आलीच. पण लाट येणं वेगळं आणि दीड दिवस तिच्या तोंडात राहणं वेगळं. आणि तुमच्या उशाशी जी अक्का बसणार आहे, तिला आधीच भुलीचे रस्ते समजावून सांगा. ती ऐकते. फक्त तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, जे मागच्या वेळी कोणी दिलं नव्हतं.

घाट

तीन महिन्यांनी कामावर गेले. डेपोत सगळ्यांना कळलेलं. मी भांडायला कंबर कसूनच गेले होते, पण कोणी काही बोलेना, त्यामुळे फार निराशा झाली. दुपारी त्या दोन कंडक्टरांतला एक, टाळी वाजवणारा, मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "बाई, ती गाडी लागानी गोळी कोनती शे? घरनासाठे पाहिजे." त्याच्या घरातलं माणूस कधी घरातून बाहेर पडत नाही, हे मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी मला लिहून दिलेल्या गोळ्यांची अर्धी पट्टी मी तोडून दिली.

अक्कलकुव्याच्या स्टँडवर सगळ्यांसमोर मी माझी गोळी घेतली. घाट लागला. सुपडूभाऊ तसेच, हळूहळू. मी बैलांचं नाव काढलं नाही. माथ्यावर त्यांनी आपणहून गाडी थांबवली.

"ताई. मागलं चाक?"

पोटात काही नव्हतं. पण सवय. मी उतरले, मागे गेले, गार वारा होता. चाकापाशी उभी राहिले आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्या चाकाकडे खरंच पाहिलं.

मागच्या जोडचाकांच्या मध्ये मुठीपेक्षा मोठा दगड घट्ट बसला होता, उतारावर टायर फाडेल असा.

मी धावतच पुढे आले, ड्रायव्हरच्या दारावर थाप मारली. दोन्ही हात कमरेवर ठेवले. गाडीतले सगळे खिडक्यांतून डोकावले.

"सुपडूभाऊ! मागलं चाक देखानं काम कोन्हं ऱ्हास?"